वासू, नववी पेटी तू लपवून ठेवली

वासू, तुह्या तेरवीचं मी जेवलो नाई. हे मीच पयलं सांगून ठेवतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुले समजलं तं तू म्हणशीन, तुळशीरामनं लपवून ठेवलं. लपवून ठेवणं हे तुहं काम, माहं नाई. पंगत बसली, पार्वता वयनीनं स्वतः पाट मांडला, मी पाटापर्यंत गेलो आणि उभ्याउभी परत आलो. लोकांनी पाह्यलं. पाहू दे.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरवणारे यंदा तुह्या आठवणीचा कागद छापून राह्यले. मले म्हणले, तुमी जोडीदार, तुमी काई सांगा, मास्तर लिहून घेईन. मी म्हटलं, नाई. मी दुसरीत शाळा सोडली, पण हात शाबूत आहे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या तोंडचं बोललो, माह्या तोंडचं दुसरा कोणी लिहिणार नाई. आणि जे लिहीन ते जसंच्या तसं छापा, नाई तं कागद परत द्या. ते कबूल झाले. आता ऐक.

तू गेला त्याच्या पाचव्या दिवशी वयनीनं खाटेखालची तुही संदूक उघडली. तुहं धुतलेलं धोतर पाह्यजे होतं तिले, कोणाले तरी द्याले. खाली हात घातला तं वजनदार काई लागलं. दंडारीत बाईचं सोंग घेताना तू जे हिरवं लुगडं नेसत होता, त्यात गुंडाळलेला पत्र्याचा गोल डबा.

"भाऊजी, हे तुमच्या मशीनीचं काईतरी दिसते," वयनी म्हणली.

मी झाकण पाह्यलं. त्यावर लाल रंगानं नऊ लिहिलं होतं.

आपण फिल्लमच्या डब्याले पेटी म्हणत होतो. बाकीच्या आठ पेट्यांवर असाच लाल रंग, असाच वाकडा आकडा. चार हंगाम मी त्या आठ पेट्या रेंगीत चढवल्या आणि उतरवल्या. बैल दमले तं डोक्यावर घेतल्या. आणि चार हंगाम तू मले सांगत राह्यला, "नववी नागपुरातच राह्यली गा. तो भंगारवाला बी मेला. आता कुठी शोधतं?" आणि ती तुह्या खाटेखाली होती. मी त्याच खाटेवर बसून तुह्यासंगं चहा पेत होतो, माह्या पायाच्या खाली होती ती.

आपल्या तंबूत पिक्चरं आली आणि गेली. देवादिकांची आली, राजाराणीची आली. पण लोक एकीसाठीच रेंग्या जुंपून येत. तिचं खरं नाव आपल्याले कदी समजलंच नाई, कारण पयल्या पेटीचं तोंड फाटलेलं, नावं लिहिलेला तुकडा गेलेला. लोक तिले तलवारवाली म्हणत. पायात उंच बूट, कमरेले पट्टा, डोळ्यावर काळं फडकं. काठी, तलवार, दांडपट्टा, जे हाताले येईन ते. काईच नाई सापडलं तं अंगावर येणाऱ्याले पाठीवर घेऊन असा आपटे की समोरच्या रांगेतली माणसं पाय आकसून घेत. पिक्चर गरिबाघरचं होतं, हे आपल्याले दिसत होतं. मेलेला गडी पुढच्या पेटीत मिशी लावून पुन्हा मार खाले येई. किल्ल्याची भिंत कोणी टेकलं की हाले. घोडा एकच, कदी तिचा, कदी दुश्मनाचा. पण तिची काठी खोटी नोती. मी आखाड्यातला माणूस आहे, मले कोणी शिकवू नये. मनगट तसं तवाच फिरते जवा लहानपणापासून फिरवलं असन.

आणि तिले आवाज नोता. फिल्लमच्या काठावर आवाजाची एक रेघ असते, ती पार खरडून गेलेली. म्हणूनच तं ती तुले भंगारात भेटली. ओठ हालत, आणि ऐकू येई ते विजेसाठी बकाराम तंबूमांगं चालवे ते इंजिन. तू नागपुरावरून आला आणि म्हणला, "तुळशा, पोरगी मुकी आहे. दंडारीत तू राजा होत होता, तुहा आवाज पार बोडीच्या पाण्यापलीकडं जाई. तू हिचा आवाज हो." मी म्हटलं, मी बाईचा आवाज काढू? तू म्हणला, "मी वीस साल बाई झालो, मेलो का?"

असा मी सांगणारा झालो. बांबूच्या माचीवर उभा राहून, पत्र्याचं भोंगं तोंडाले लावून. मी तिचं नाव मैना ठेवलं. हिंदी तं आपल्याकडं अर्ध्या लोकांले समजत नोती, म्हणून माही मैना आपल्या झाडीपट्टीचं बोले. दुश्मनानं हात धरला की मी ओरडे, "मुडद्या, हात सोड, नाई तं खांद्यापासून नेईन!" आणि ती खरंच खांद्यापासून न्यायची. टोप्या उडत. मोहर्लीकडच्या एका गावात दोघं म्हातारे गोंड कुऱ्हाडी घेऊन उठले. "बाई एकली हाय, आमी जातो," म्हणत पडद्याकडं निघाले. तू मशीन थांबवलं नाई. मी भोंग्यातून मैनाच्याच आवाजात म्हटलं, "भाऊ हो, बसा. एवढ्यांले मी एकटीच पुरते." बसले बिचारे. पण कुऱ्हाडी मांडीवरच ठेवल्या, न जाणो.

तंबू तू असा लावत होता की पडदा मधोमध. समोर माणसं, मांगं बाया. बायांले सारं उलटं दिसे. माणसांची मैना उजव्या हातानं लढे, बायांची डाव्या. आपल्या कोणाच्या हे ध्यानातच आलं नाई, जवापर्यंत बकारामच्या घरी भांडण झालं नाई. तो म्हणे ती उजवी, त्याची बायको म्हणे डावखुरी, आणि दोघंही डोळ्यानं पाह्यलं म्हणून शपथ घेत. दुसऱ्या साली आपण गेलो तं गावोगावच्या पोरी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर डाव्या हातानं काठ्या फिरवून राह्यल्या होत्या. तू पोट धरून हासला. म्हणला, "तुळशा, ह्या उद्या नवऱ्यासंगं लढल्या तं त्याले समजनारच नाई, वार कुठून आला." मले ते आवडलं नोतं. तुले ते माहीत होतं, म्हणून तू आणखीन हासला.

आता माह्या शेवटाबद्दल.

आठवी पेटी संपे तिथी अशी. दुश्मनांचा सरदार, त्याचं तोंड कोणीच पाह्यलं नाई, सदा काळ्या बुरख्यात. त्यानं गावं लुटली, माणसं बांधून नेली. मैना त्याच्या किल्ल्यात शिरते, त्याच्यापुढं उभी राह्यते, दोघांच्या तलवारी वर जातात, आणि पडदा पांढरा. त्या पांढऱ्या पडद्यावर मी बोले. "मंग मैनानं त्या सरदाराले बांधलं आणि राजाच्या हवाली केलं. घोडा सोडून देला. पायी चालत घरी गेली. बापाच्या पायाशी तलवार ठेवली आणि म्हणली, बाबा, माहं चुकलं. तुमी द्यान त्या घरी जाईन. बापानं तिले उचलून छातीशी धरलं, आणि चार गावांचं जेवण झालं. खेळ संपला, मायबाप हो, खाली पाहून चाला, इच्चूकाटा असते." माणसं टाळ्या वाजवत. मले वाटे, माह्या शेवटानंच ते पिक्चर पुरं झालं.

तू मशीन पुसत पुसत विचारत होता, "तुले कसं माहीत गा, ती घरी गेली म्हनून?"

"मंग कुठी जाईन? पोरीचं घर बापाचं."

"हाव. पन बापानं दार उघडलं असन का?"

मी पेटीचं झाकण जोरात लावत होतो. दर खेळाले हेच, वासू, आणि मी मूर्ख समजत होतो की तू मले चिडवून राह्यला. तुले उत्तर ठाऊक होतं. ठाऊक असणाऱ्यानं विचारू नाई.

आता यमुनेचं लिहावं लागते. नाई लिहिलं तं वाचणाऱ्यांले समजणार नाई की म्हातारा एका डब्यासाठी मेलेल्या माणसावर काऊन उलटला.

यमुना माही पोरगी. एकटीच. तिची माय लवकर गेली. मी तिले आरमोरीकडं देली. धान रोवण्याच्या दिवसात ती एक दिवस गाठोडं घेऊन दारात उभी राह्यली. पाठीवर वळ होते. मी ते पाह्यले. पाह्यले नाई असं मी कोणाले सांगतलं असन, तं ते खोटं आहे. मी म्हटलं, "दिल्या घरी राहाचं असते. मराचं असन तं तिथीच मर." ती चिखलात उभी होती. तू तुही रेंगी घेऊन आला, तिचं गाठोडं आत ठेवलं आणि मले म्हणला, "तिच्या घरी सोडून देतो." मी म्हटलं, सोड.

तू तिले सासरी नेलंच नाई. नदी उतरून गडचिरोलीले तुह्या बहिणीकडं नेऊन ठेवलं. मले हे दिवाळीत समजलं, आणि त्याच दिवाळीत तू तलवारवाली आणली. मी महिनाभर तुह्याशी बोललो नाई. पण तंबू सोडला नाई, काम ते काम. बकाराम मधात होता.

"बकाराम, त्याले सांग पेटी बदल."

"वासूभाऊ, पेटी बदला म्हनते."

"त्याले म्हना, बदलून राह्यलो. डोळे फुटले काय त्याचे?"

आणि आपण तिघं एका घोंगड्यावर बसून होतो. शेवटी बकारामच म्हणला, "मी इंजिनाले राह्यलो का तुमच्या टपालाले?" तू हासला, मले हासू आवरेना. तवा तू म्हणला, "तुळशा, पोरगी तुही आहे, तिच्याबद्दल मी काई म्हनत नाई. पन रेंगी माही होती. कुठी न्याची ते माह्या मनावर." मी तुह्याशी पुन्हा बोलाले लागलो. पण ते भांडण मिटलं नोतं, वासू. ते आपण दोघांनी सांभाळून ठेवलं होतं, कदीतरी नीट भांडू म्हणून. आणि तू मधातच उठून गेला.

डबा घेऊन मी ब्रह्मपुरीले गेलो. तिथल्या सिनेमाच्या टाकीतला मशीनवाला पोट्टा तुह्या हाताखाली शिकलेला. दुपारी, खेळ नसताना, त्यानं लावून देली. रिकाम्या खुर्च्या आणि मी. आवाज तिथीही नाई, नुसती खरखर.

पांढऱ्या पडद्यावर जिथी मी चार हंगाम बोललो, तिथी ती दोघं लढली. काय लढली, वासू. तू पाह्यलं आहे, तुले काय सांगू. सरदार म्हातारा होता, पण पक्का. मंग तिच्या तलवारीच्या टोकानं त्याचा बुरखा फाटला.

आतून बाप निघाला.

पयल्या पेटीत ती ज्याच्या पाया पडून घरातून निघते तोच. पांढऱ्या मिशीचा, ज्याले मी भोंग्यातून म्हणत होतो, "बाबा, तुमचा आशीर्वाद असू द्या." तोच गावं लुटत होता. ती थांबली. मले वाटलं, आता तलवार टाकन. नाई टाकली. पुन्हा लढली, बापासंगं. त्याच्या हातची तलवार उडवली, लाथ मारून त्याले खाली पाडला, आणि छातीले टोक लावलं. तवा तिचे ओठ हालले. तीनदा. मंग तिनं तलवार मांगं घेतली, घोड्यावर बसली आणि गेली. घरी नाई गेली. कोणत्या घरी जाईन? बाप तिथीच खाली पडून तिच्याकडं पाह्यत राह्यला, आणि फिल्लम संपली.

ओठ हालले तवा सवयीनं माहं तोंड उघडलं होतं. काईच आलं नाई. मशीनवाला पोट्टा वरून ओरडला, "काका, बोला ना, थांबले काऊन?" मी उठून बाहेर आलो. डबाही त्यानंच मंग बाहेर आणून देला.

त्या दिवशी मले समजलं, तू काय केलं. भंगारवाल्याच्या इथी तू सारी फिल्लम पाह्यली असशीन. शेवट पाह्यला असशीन. आणि मनात म्हणला असशीन, हे तुळशाले दाखवता येणार नाई, त्याच्या घरचं आत्ताच झालेलं आहे. तू माह्यावर दया केली. माह्यावर! मी तुह्याकडं कदी पसा मांगला? बोडीत जाळं फाटलं तवा मी कोणापुढं उभा राह्यलो? ढिवराच्या घरी जन्मलो, पण मान खाली घालून कोणाच्या ओसरीवर बसलो नाई. आणि तू चार हंगाम मले पांढऱ्या पडद्यापुढं उभं केलं आणि रोज माह्या तोंडून माहीच पोरगी माह्या पायाशी आणून घेतली. लोकांपुढं. तुले रोज दिसत होतं. तू मशीन पुसत होता.

मी बकारामले धरलं. तो तुह्यावाणी पक्का नाई, दोन शब्दात फुटला.

"वैरागडले तुमाले ताप आल्ता, तवा वासूभाऊनं लावली," तो म्हणला. "एकदाच, भाऊ. शपथ."

"सांगतलं कोणं?"

"कोनीच नाई. शेवटची पेटी चूपचाप चालली. इंजिनाशिवाय आवाज नोता."

"कोण होतं?"

"सारी मंडई होती." मंग त्यानं मान खाली घातली. "यमुनाबाई बी होती. वासूभाऊच्या बहिनीसंगं, मांगच्या बाजूनं."

त्याले वाटलं असन आता सारंच सांगून टाकावं. तो म्हणला, "आनखी एक सांगतो, भाऊ, रागावू नोका. वैरागडची गोष्ट बायाबायांत पसरली. त्याच्यानंतर आठवी पेटी झाली की मांगच्या बाया उठून जात. तुमचा शेवट चाले तवा मांगं कोनीच नसे. नुसतं बसाले टाकलेलं तनस राहे."

वासू, हे तू मले सांगाले पाह्यजे होतं. डबा लपवला, मी समजू शकतो. पोरीले नदीपार नेलं, तेही. पण मी माचीवर उभा राहून अर्ध्या रिकाम्या तंबूले सांगून राह्यलो आणि माह्या जोडीदाराले ते माहीत होतं, हे मले गिळता येत नाई. तुह्या माहितीत मी हासण्याचा विषय झालो. त्या माणसांच्या टाळ्या ऐकून मी रोज खुशीत तुह्याजवळ येत होतो. तू म्हणत होता, "आज चांगला रंगला गा." असं म्हणताना तुह्या मनात काय येई?

वयनीले विचारलं. ती भिंतीले टेकून बसली होती, तिच्यावर आवाज चढवाचा नोता, तरी थोडा चढला.

ती म्हणली, "मी एकडाव म्हटलं त्याईले, दाखवून द्या भाऊजीले. तं म्हनले, दाखवली तं तुळशा तंबू सोडते. तो गेला तं सांगनार कोन? आन सांगनारा नाई तं मुक्या पोरीले पाहाले कोन येते?"

म्हणजे हेही होतं. दया केली का धंदा केला, हे तू स्वतः सांगून जाले पाह्यजे होतं. दयेचा राग वेगळा, धंद्याचा वेगळा. आता मी कोणता करू? दोन्ही धरून बसलो आहे, दोन्ही हात भरले आहेत.

पण मी खोटं लिहीत नाई. सारा हिशेब तुह्यावर टाकून मी साजूक होत नाई. त्या लुगड्याकडं पाहून मले आठवलं, दंडारीत तू सीता झाला, द्रौपदी झाला, राणी झाला, आणि बायाच रडत. माणसं नाई रडत, बाया. मी विचारलं तं म्हणला होता, "काई नाई गा, मी बोलत नाई तवा त्या रडतात. तू राजा आहे, तुले गप्प राहाचा पार्टच भेटला नाई." मी ते हासण्यावारी नेलं. आणि मी तापात पडलो तवा खेळ बंद ठेवून माह्या कपाळावर फडकं कोणं ठेवलं? दोन दिवस तूच. तिसऱ्या दिवशी मले झोपलेला पाहून नववी लावाले गेला तोही तूच. फडकं ठेवणारा आणि डबा लावणारा हात एकच, ह्याचं मी काय करू, हे मले अजून समजलं नाई.

मंडईत यंदा तंबू लागणार आहे. वयनीनं मशीन विकाले काढली होती, मी म्हटलं, एक हंगाम थांबा. नऊच्या नऊ पेट्या लावीन. तू लपवलं ते मी उघड्यावर दाखवीन, माह्याच तोंडानं सांगीन, कोणी मले दया करून वाचवावं असा मी नाई. हे मी बकारामपुढं बोलून बसलो, आणि मंग अडकलो. त्या तीनदा हालणाऱ्या ओठांत घालाले माह्याकडं शब्द नाई. "माहं चुकलं" तिथी बसत नाई. शिव्या घालून पाह्यल्या, त्याही बसत नाई. जनावरांच्या गोठ्यात उभा राहून भोंगं लावून बोललो, बैल पाह्यत राह्यला. चार दिवस गेले.

जिनं ती पेटी पाह्यली आणि जिले मी विचारू शकत होतो, अशी एकच होती. तू नोता.

मी डोंग्यातून नदी उतरलो. पाणी अजून ओसरलं नाई. तिकडून मोटारीनं गडचिरोलीले गेलो. तुह्या बहिणीच्या घरामांगं एक खोली आहे, दारासमोर ती बसली होती, विळीवर मासोळ्या साफ करत. बाजारात विकते म्हणे. चार सालांत बारीक झाली. हात तिच्या मायचे.

तिनं वर पाह्यलं. "कवा आला?"

"आत्ताच."

"डोंग्यानं?"

"हाव."

"मासोळी पाह्यजे काय?"

"ढिवराची पोरगी बापाले मासोळी विकते?"

"घेशीन तं विकीन. फुकट नाई देत."

मी दारातच खाली बसलो. बस म्हणून ती म्हणणार नोती. मी म्हटलं, वासूकाका गेला. ती म्हणली, "माहीत आहे. मी आल्ती. तू राख घेऊन नदीवर गेला होता." हेही मले कोणी सांगतलं नाई.

मंग मी म्हटलं, "नववी पेटी मी पाह्यली."

विळीवरचा तिचा हात थांबला.

"ती त्याच्या छातीले तलवार लावते," मी म्हटलं. "तवा तिचे ओठ हालतात. तीनदा. काय म्हणते ती?"

"मले काय विचारतं? सांगनारा तू."

"मले नाई समजत."

हे शब्द, वासू, मी जन्मात पयल्यांदा कोणापुढं बोललो. तुह्यापुढंही कदी बोललो नोतो. तिनं पुन्हा मासोळी उचलली, खवले काढले, धुतली, टोपल्यात टाकली. दुसरी उचलली.

"ऊठ म्हनते," ती म्हणली.

"ऊठ?"

"ऊठ. आनखी काय म्हनन? खाली पडला ना तो."

"एवढ्याशाले ओठ तीनदा कायले हालतीन?"

"तं तीनदा म्हनते. एकडाव म्हटल्यानं तो उठते काय?"

तिनं विळी आडवी केली, हात लुगड्याले पुसला आणि माह्यापुढं केला. खवले चिकटलेले होते त्याले.

हात मी धरला नाई. चौकट धरून माहा मीच उठलो. पण आत गेलो, वासू.